उसना मणी

म्हापशाच्या बाजारात, अत्तरवाल्याच्या अंगाला लागून
माझी साडेतीन फुटांची बैठक.
सकाळीच चहावाल्याचा पोरगा येतो,
दहा सुयांत दोरा घालून
कॅलेंडरावर टोचून जातो, डिसेंबरच्या पानावर.
डोळे आता त्याचे, बोटं माझी.

काम काळ्या मण्यांचं.
पदर दोन, वाट्या दोन, आणि गाठ
अशी बसवायची की उभ्या जन्मात
कुणाला दिसू नये.

शुक्रवारी मयड्याहून एर्मेलिंदबाय आली.
एका हातात केळ्यांची फणी,
दुसऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डबा कलता झाला तशी आत वाळू सरकली.
"लग्नाचो झगो," म्हणाली.
कापड कसरीनं खाल्लं, मणी तेवढे उरले.
पन्नास वर्षांत मोती पिवळे पडलेले, दातांसारखे.
काचेच्या नळ्या मात्र तशाच,
लखलखीत, निर्लज्ज.

"हाचीं नखेत्रां कर. चार."

थोरला स्विंडनला. मधली दोह्याला.
तिसरा तारवटी, बोट आज कुठल्या पाण्यात
ते त्यालाही ठाऊक नसेल.
धाकटी रांचीला, मठात.
"तिचं जरा लहान चालेल,
सिस्टरींचं झाडही लहानच असतं."

चाळीस वर्षं मणी ओवतोय,
पण मण्यांनी गळ्यातून खाली लोंबायचं
एवढंच मी त्यांना शिकवलं होतं.
पाची दिशांना ताठ उभं राहायचं
हे त्यांनाही नवं, मलाही.
पहिलं नखेत्र झालं ते खेकड्यासारखं.
बाय इतकी हसली की अत्तरवाल्यानं
बाटल्या सावरल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं इगर्जीतल्या मेणबत्तीचं
बोटभर बुटूक आणलं.
दोरा मेणातून दोनदा ओढला
आणि खेकडा उठून बसला.

पाच टोकं. टोकाला मणी दहा.
ती मोजून देई, मी ओवी.
दहा झाले की थांबे,
ओठांत काही हलवी, मग पुढचा देई.
मी विचारलं नाही.
माळ हातात असताना
आमच्या घरीही कुणी मधे बोलत नाही.

चौथं नखेत्र. पार्सल घ्यायचा शेवटचा दिवस.
बाय चोरीस घ्यायला पलीकडे गेलेली,
आणि मणी एकोणपन्नास.
डबा पालथा केला. बैठक झटकली.
अत्तरवाल्याची चटई, त्याचा खिसा,
माझ्या धोतराचा काष्टा.
नाही म्हणजे नाही.
पोस्ट चारला बंद.

माझ्या डबीतला एक काळा उचलला.
आतल्या वळणावर, जिथे टोक टोकाला लागतं,
तिथे बसवला. गाठ मारली. लपवली.

बाय आली. नखेत्र उजेडात धरलं.
अंगठा एकेका मण्यावरून फिरत फिरत
त्या जागी आला
आणि थांबला.
मी सुया मोजू लागलो. दहाच होत्या.
"बरें," ती म्हणाली,
"दीश्ट लागची ना आतां."
कापसात गुंडाळलं, डब्यात ठेवलं.
चौघांतल्या कुणाला ते, सांगितलं नाही.
मजुरीतले ऐंशी कमी दिले,
वर म्हणाली, केळी खाल्लीस ना?

फाल्गुनात, ऐन लग्नसराईत
फळीच्या फटीतून केरसुणीनं तो काढला.
पिवळा, कोपऱ्याला जरासा टवका गेलेला.
ठेवायला जागा नव्हती,
काळ्यांच्या डबीत टाकला.

आता मुलींच्या आया येतात, डबी उघडते,
तो दिसतो.
सुईचं टोक त्याच्याजवळ जातं,
क्षणभर घुटमळतं,
आणि शेजारचा काळा उचलतं.