एक बोट वर

डुक्कर फियाटची जुनी टाकी उतरवली
तेव्हा ती टाकी नव्हतीच, तिच्या आकाराचा गंज होता.
आठ वर्षं जामसंड्याच्या एका आंबेवाल्याच्या मांगरात,
वर पेट्या, खाली कोंबड्या,
आणि खाऱ्या वाऱ्याला कुलूप कोण लावणार?

मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, निवृत्त.
एकतीस वर्षं मिक्श्चरं हलवली, गाळली, भरली.
शालन म्हणाली, हिला घेऊन जायचंय कुठे?
मी पाना शोधत असल्यासारखं केलं.

बंदरात बाबल मेतर ट्रॉलरच्या टाक्या करतो.
मोटारीचं माप घेऊन त्याच्याकडे कोणी गेलं नव्हतं.
डिकीत डोकं घालून बराच वेळ गप्प,
मग विडी विझवली, म्हणजे काम घेतलं.

दीड मिलीचं स्टील. खडूच्या रेघा. वेल्डिंगचा निळा उजेड
सुकत घातलेल्या जाळ्यांवर.
आत मधोमध भोकांचा आडवा पत्रा, बाफल म्हणतात त्याला.
"लाँच काय नि गाडी काय, पोटातला हलताच.
एकदम एका कुशीक जाऊक नको."

हवेचं भोक मात्र तो विसरला. ते मी सांगितलं.
सलाईन काचेच्या बाटलीत यायचं
तेव्हा बुचात दुसरी सुई खुपसावी लागे, नुसत्या हवेसाठी;
नाहीतर थेंब अडायचे
आणि नातेवाईक माझ्याकडे बघायचे.
बाबलनं मान हलवली, ड्रिल घेतलं.

मग नळी. तांब्याची, आठ मिलीची,
वरून आत उतरून पेट्रोल ओढणारी.
तिचं टोक थांबवायचं कुठे?
मी म्हटलं, पार तळाशी. थेंब वाया का घालवा?
"तळाक पाणी असता, गाळ असता.
ता इंजनाक पाजू नको. एक बोट वर."
कोणाचं बोट, आडवं की उभं?
त्यानं हात पुढे केला. करंगळी अर्धीच,
विंचमध्ये गेलेली.
आम्ही माझं बोट आडवं धरलं.
टोक तिरकं कापलं,
कलम बांधताना काडी कापतात तसं.

पेट्रोलचा काटा केव्हाच मेलेला.
मी वेताची काठी घेतली, तिला कागदाची पट्टी चिकटवली,
पूर्वी बाटलीला डोसांची कातरून चिकटवायचो तशी.
दर खाचेला दोन लिटर.

फोंडा घाटात, चौथ्या वळणावर, ती खोकली आणि थांबली.
काठी घातली: चार खाचा.
पेट्रोल होतं. नळी होती तिथे नव्हतं.
सगळं मागे जाऊन बसलेलं.
गाडी उताराला वळवली, तर आपणहून सुरू.

"टाकी भरली की सगळी इंजनां शाणी," बाबल म्हणाला,
"पाव उरली की कळता."
टाकी तीनदा पाण्यानं धुतली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली,
मगच त्यानं तिच्याजवळ ठिणगी आणली.
मागच्या अंगाला तळात वाटीएवढा खळगा,
नळी त्यात, पुन्हा एक बोट वर,
खळग्याच्या बुडाशी नट.

महिन्यातून एकदा तो नट सोडतो.
चमचाभर निघतं: पाणी, तांबूस भुकटी.
स्टीलच्या टाकीत गंज कुठला?
"पंपावरचो," बाबल म्हणतो. "आपलो नाय."
ते मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत साठवतो.
जन्मभर बाटल्यांवर लिहिलं, घेण्यापूर्वी हलवा.
या बाटलीवर काही लिहिलेलं नाही.

परवा शालन पुढच्या सीटवर येऊन बसली,
मांडीवर पिशवी. कुठे, ते बोलली नाही.
मी काठी घालून बघितली. पाच खाचा.
नांदगावपर्यंत जाऊन यायला पुरतात.