काटा

गुरुजी, तुम्ही दिलेली वही शंभर पानी आहे.
एवढं आता माझ्याजवळ नाही.

गुन्ह्याकडे कसा वळलास ते लिही, म्हणालात,
लहानपणापासून लिही.
तुम्हाला मिल हवी असेल.
घ्या मिल: बाप साच्यावर होता, भोंगा बंद झाला,
आमच्या ओळीत चौदा घरं, पोरं सतराएक.
त्यातला एक एसटीत कंडक्टर आहे,
एक महालात चष्मे विकतो,
धकात्यांचा मुका पोरगा अजून मागावर बसतो.
फाशी यार्डात मी एकटाच आलो.
तेव्हा मिल राहू द्या.

सुरुवात कळमन्यात झाली, मिरचीच्या बाजारात.
अडत्याच्या दुकानावर पाटी होती: मापात पाप नाही.
पाटीखाली मी, वय तेरा.
पारडं करंगळीनं दाबायचं
आणि डोळे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ठेवायचे.
शेठ म्हणाला, पोराचा हात हलका आहे.
त्यानंतर माझं असं कौतुक कुणी केलं नाही.
पहिली नोट आईला दिली.
"कुठून आनली रे?"
हमाली, म्हणालो.
तिनं नोट नाकाशी धरली,
मिरचीनं शिंकली,
आणि तिला खरं वाटलं.

पुढचं, म्हणजे अजनी यार्डातला कोळसा, सायकली,
सक्करदऱ्याची ती दोन वर्षं, चाकू,
सगळं कोर्टाच्या कागदांत आहे तारखांसकट.
माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

जे कागदांत नाही ते एवढंच:
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघायची,
अख्खी गल्ली ओरडून आपली पिडा तिच्या अंगावर टाकायची,
खोकला, महागाई, कुणाची सासू.
आई ओरडायची नाही.
ओठ हलवायची नुसते.
एकदा मी मुद्दाम जवळ उभा राहिलो.
माझ्या पोराची संगत घेऊन जा, म्हणत होती.
संगत म्हणजे कोण, माय?
मीच तर सगळ्यांची संगत होतो.

आता गणपत हेडाऊ.
गोदामाचा चौकीदार, वय एकसष्ट.
मे महिना, रात्री बारालाही भिंतीला हात लावता येत नव्हता.
तो मला चेहऱ्यानं ओळखायचा.
"जेवला का बे?" म्हणाला.
ते त्याचं शेवटचं बोलणं. प्रश्न होता.
मी उत्तर दिलं नाही.
आत झोपलेले दोघं, किसना आणि त्याचा भाऊ,
त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत.
हे मी वकिलालाही सांगितलं नव्हतं.

किल्ली शोधताना डबा सापडला.
ज्वारीची भाकर, वांगं,
कागदाच्या पुडीत मीठ वेगळं.
मी जेवलो, गुरुजी.
पोटभर जेवलो.
डबा घासून पालथा ठेवला, घरी ठेवतात तसा.
सरकारी वकिलानं हे दोनदा वाचून दाखवलं.
हेडाऊची पोरगी कोर्टात एकच बोलली,
डबा परत मिळेल का.
मुद्देमाल होता. मिळाला नसणार.

पश्चात्तापावर एक पान तरी लिही, म्हणाला होता तुम्ही.
त्या शब्दात माझा हात चालत नाही,
जोडाक्षर फार आहे.
रात्री अजनीचं इंजिन शंटिंग करतं,
डबे एकमेकांना धडकतात,
आणि माझ्या तोंडात वांग्याची चव येते.
याला तुम्ही काय म्हणता ते तुम्ही लिहा.

काल मला वजनाला नेलं.
कशासाठी ते कुणी बोललं नाही,
पण किती किलोला किती दोर,
असा तक्ता असतो म्हणे साहेबांकडे,
आणि माझ्याएवढी वाळू भरून आधी पोतं सोडून बघतात.
मी काट्यावर चढायच्या आधी काट्याकडे बघितलं.
सवय.
रिकामा होता तरी शून्यावर नव्हता.
अर्धा किलो पुढं.

आयुष्यात पहिल्यांदा बोललो:
साहेब, काटा खोटा आहे.

कंपाउंडर हसला.
"तुले काय करायचं आहे बे," म्हणाला,
आणि दिसला तो आकडा लिहून घेतला.