बोपुगीचा दगड

गावुंडाचा माणूस दिवस उगवताच सांगून गेला:
घोडा हवा. तलवार हवी. जखम छातीवर हवी.
घोड्याचे दोन मण जोंधळे जास्तीचे.
मी मान डोलावली. छिन्नीला धार असते, जीभ नसते,
आणि यंदा येरळेला पाणी पोटरीएवढंच आहे.

धानू, तो काळा दगड आडवा घे. जपून.
कोपरा उडाला तर अप्सरेचं डोकं जाईल.

भाळवणीच्या शिवेवर बोपुगी पडला
त्याला आज सतरा दिवस.
मी ओळखत होतो त्याला.
घोड्याचा वास आला तरी शिंका यायच्या गड्याला.
हातात बाभळीची काठी, पाय अनवाणी.
'ब'वर अडखळायचा, म्हणजे स्वतःच्याच नावावर,
म्हणून कुणी नाव विचारलं
की गाईंकडे बोट दाखवायचा.

घोडे होते ते त्यांच्याकडे, जे लुटायला आले.
देखणी जनावरं. कपाळावर पितळी चंद्रकोर,
स्वारांच्या खांद्यावर शेले, ओठांवर आपापली कुळं.
कुठल्याशा राण्याच्या पदरचे वीर.
त्यांच्याही गावी माझ्यासारखा कुणी
आत्ता त्यांना कोरत बसला असेल,
आणि खालच्या पट्टीत आमच्या गाई,
जिंकलेल्या म्हणून.

घोडा मी त्यांचाच कोरला.
दुसरा पाहिलाच नव्हता.

गाई नदी उतरून आल्या होत्या. हे सगळ्या गावानं पाहिलं.
बोपुगीही आला होता, धोतर पिळत होता.
पल्याड राहिलं एक लंगडं वासरू,
गाळात रुतलेलं, मोजदादीत नसलेलं.
गावुंड म्हणाला, राहू दे.
तो परत गेला.
वासरू खांद्यावर घेतलं,
आमच्याकडे तोंड करून दोन पावलं आला,
आणि भाला पाठीत शिरला.

भाट म्हणतो, वीराला पाठ नसते.
बरं.
दगडाला असते, पण तिच्यावर कोण कोरतं?
ती भिंतीला टेकते, तिथे मुंग्या राहतात.

वासरू जगलं.
काल माझ्या छिन्न्यांच्या पाण्यात तोंड घालून गेलं.

दुपारी राकाइसा आली. दगडाला फेरी मारली.
खाली लढाई, वर विमान, त्याच्या वर पिंडी,
टोकाला चंद्र-सूर्य, ते असेतो हा असावा म्हणून.
तलवारीकडे पाहिलं, काही बोलली नाही.
घोड्याकडे पाहिलं, नाकाला पदर लावला.
मला वाटलं रडते आहे.

मग अप्सरांपाशी थांबली.
दोघी दोन बाजूंनी, हात त्याच्या बगलेत,
अशाच नेतात त्या, माझ्या बापानंही अशाच कोरल्या.
राकाइसानं दगडावर बोट ठेवलं:
"इथे धरू नको म्हणावं त्यांना.
त्याला गुदगुल्या होतात."

होतात, म्हणाली. व्हायच्या नाही.

हात हलवता येईनात. खोदलेला दगड भरत नाही.
धानू माझ्याकडे बघत राहिला, मी दगडाकडे.
ती गेल्यावर बारकी छिन्नी घेतली
आणि बोपुगीच्या ओठांची कड
दोन्हीकडून जोंधळ्याच्या दाण्याइतकी वर नेली.
एवढंच. गावुंडाला ते दिसलं, आवडलं,
त्यानं दोन पायल्या वर दिल्या.

पुढे कधीतरी इथे कुणी पोरं घेऊन येईल,
शेवाळ पुसून दाखवील:
बघा, मरणालाही हसतोय.
पोरं छाती फुगवतील.

धानू, तू तेव्हा नसशील, मी तर नाहीच.
हा मात्र तसाच असेल, दोघींच्या मध्ये,
अंग आकसून, स्वर्गात जाता जाता,
'ब'वर अडखळत सांगायचा प्रयत्न करत
की बाई, ब... बास.