अर्धा इंच माया

आधी त्यांनी जांभळ्या पेनाचं टोपण काढलं,
स्पिरिटने पुसलेल्या पायावर थंड टोक टेकवलं,
आणि माझ्याआधी माझा घोटाच दचकला.

"हलायचं नाही, सुगंधाबाई."

हे तर मीच सांगत आले चाळीस वर्षं
खडेबाजारच्या बोळात, पडद्याआड,
गळ्यात टेप, कानामागे खडू,
काखेत गुदगुल्या होणाऱ्या
किती नवऱ्या मुलींना.

दारातून सिस्टर शांतव्वाने विचारलं,
"अळती आतेन्री?"
अळती म्हणजे माप. माझी निम्मी गिऱ्हाइकं
याच शब्दानं दुकानात शिरतात.
तरी आज मला ऐकू आलं, अळता.
वाकून बघितलं तर खरंच
घोट्याभोवती ओली, गोल रेघ.
रंग तेवढा चुकलेला.
माझे पाय कुणी रंगवले नव्हते.
लग्न जमलं नाही, आणि मग मशीन घेतली.

जखम जुनी. कोळशाच्या इस्त्रीतला निखारा
पायावर पडला तेव्हा मी एकवीसची.
भरायची, उकलायची, पुन्हा भरायची,
पायडल मारताना चिरत राहायची.
गेल्या दिवाळीपासून तिचे काठ उचलले.
टीचभर तुकडा तपासायला मिरजेला गेला
आणि कागद होऊन परत आला.

डॉक्टर कौजलगींनी कागदी पट्टी लावली,
मिलिमीटरच्या मुंगीएवढ्या रेघांची.
मग कंपासासारखा स्टीलचा चिमटा,
त्याची दोन टोकं जखमेच्या दोन काठांवर.
आकडा सांगितला. शिकाऊ पोरानं लिहून घेतला.
मी मनात त्याचे इंच केले.
नंतर टाक्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद
जखमेवर दाबला, कडेनं कापला.
कटिंग येतं की या माणसाला!
तोच कागद मांडीवर ठेवून
उभा फिरवला, आडवा फिरवला,
कातडं चिमटीत धरून सैल कुठं ते बघितलं.
मीही असंच बघते,
ब्लाऊजपीस कमी पडणार असेल तेव्हा.

कागदाला लागून रेघ ओढली तशी
मला राहवलं नाही.
"माया सोडलीत का, डॉक्टर?"

पेन थांबलं.
"कुणाची माया?"

शिवणीच्या आत दडवतो ती, म्हटलं.
बाळंतपणानंतर बाई भरली, की उसवून
बाहेर काढता येते.
कातडंही आटत असेल की
कोऱ्या मांजरपाटासारखं.

ते हसले नाहीत.
"आटतं," म्हणाले. "धरलंय हिशोबात."
"किती?"
"एक सेंटिमीटर."
अर्ध्या इंचाला एक सूत कमी.
मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले,
कापड कमी आणलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तशी.
त्यांनी आधीची रेघ पुसली नाही.
तिच्या बाहेरून दुसरी ओढली.

मग जखमेभोवतीही, काठापासून बरीच लांब,
चांगल्या कातड्यातून एक रेघ गेली.
इथं माया कशाला सोडताय, ते विचारलं नाही.
कळलं.
एवढंच विचारलं,
की निघालेल्या कात्रणाचं काय करता?
मी एक चिंधी टाकत नाही,
चार वाकळा झाल्यात त्यांच्या.
"बाटलीत घालून पाठवतो."
मिरजेला?
"मिरजेला."

आता रात्र. पाय धुवायचा नाही, सांगून गेलेत.
खडू झटकला की जातो,
ही शाई थुंकी लावूनही जात नाही. बघितलं लावून.
शेजारच्या कॉटवरची आजी कन्नडमध्ये कण्हते,
तिच्या पोटावरही जांभळी फुली आहे.
तिनं माझा पाय बघितला, मी तिचं पोट,
आणि दोघींनी पदर सारखे केले.

दुकानात हिंडलग्याच्या पोरीचा ब्लाऊज पडलाय,
आंबाडी रंगाचा, खुणा करून ठेवलेला.
कात्री अजून लावली नाही.
खडू उडायच्या आत
परत जायला हवं.