निळं गाढव

पारोळ्यात पाच वाजले तरी ऊन हटत नाही.
कूलरपुढे चार पोरं, मुरमुऱ्यांची परात
आणि टीव्हीवर एक निळं गाढव.

त्याचा दोस्त उंटाचं पिल्लू.
पिल्लाच्या गळ्यात घंटा आली
तसं सगळं गाव तिच्या मागं.
गाढव रात्री उठलं,
घंटा दातांत धरली
आणि विहिरीत सोडली.

"दखा, टाकी दिन्ही!" हर्षू किंचाळली.
चिंतूच्या हातात मुरमुरे तसेच.
"त्याला कोणी विचारतच नव्हतं ना, काका."

मी परातीतले शेंगदाणे वेचत राहिलो.

एक्याण्णवचा मे.
भिकनचं एस.टी. भरतीचं कार्ड
पोस्टमननं माझ्याकडे दिलं, शेजारी म्हणून.
माझं आलं नव्हतं.
पेटीत ठेवलं, घडी न घालता,
घडी दिसली असती.
मुलाखतीची तारीख गेल्यावर नेऊन दिलं.
"पोस्टाचं काही खरं नाही,"
हे भिकनच म्हणाला, आणि वर चहा पाजला.
मग तो सुरतेला गेला, लूमवर.
दर दिवाळीला फोन करतो,
आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी.

पिल्लू मान हलवून बघतंय. आवाज नाही.
गाढव तोंड उघडतं

आणि लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला.
चार घामेजली तोंडं माझ्याकडे:
"काका, सांगितलं का त्यानं?"

"लाईट येऊ द्या," मी म्हणालो.

चिंतू बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"आपल्या विहिरीसारखी असेल तर
घंटा तळाशी दिसत असेल."