सामान्य तोटा

कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत
शेवाळे काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात
दुपारी दोन ते रात्री नऊ मी उभी असते,
आणि अख्ख्या कॉलेजच्या सबमिशनच्या तारखा
मला तोंडपाठ असतात.
फक्त माझ्या सोडून.

शुक्रवारी बायोटेकची पोरं,
सोमवारी बी.एड.च्या बायका पाठटाचणं घेऊन.
एकीने कडेवरचं पोर काउंटरवर ठेवलं, म्हणाली,
ताई, दोन्ही बाजूंनी काढा, पण समास सोडा.
मी समास सोडते. टाचणी मारते. स्पायरल घालते.
दुसऱ्यांचा अभ्यास माझ्या हातातून जातो
गरम गरम, भट्टीतून निघालेल्या पावासारखा,
आणि माझी कॉस्टिंगची वही
मशीनखालच्या खणात
जुलैपासून दुसऱ्याच प्रकरणावर उघडी.

घरी टाइमटेबल होतं.
एक कसलं, पाच होती.
स्केचपेनने आखलेली, चौकोनाचौकोनात रंग.
पहाटे चार, अकाउंट्स. पाच, उजळणी.
म्हसरूळला नळाला पाणी कधी येतं
हे त्यात कुठेच नव्हतं,
निमाणीवर चुकलेली बस नव्हती,
झोप तर नव्हतीच.
पाचवं फाडलं तेव्हा आई म्हणाली,
रंग तरी वाचव गं.

काका रोज रात्री शटर अर्धं ओढून
बिघडलेले कागद मोजतात.
शंभरात चार गेले तर काही बोलत नाहीत.
पाचव्याला चष्मा कपाळावर चढवून
माझ्याकडे बघतात.
टोनर उडतो, कागद दुमडतो, लाइट जाते,
तेवढं जाणारच पोरी,
ते धरूनच भाव लावायचा.

त्या रात्री बसमध्ये, होळकर पुलावर,
तिसरं प्रकरण उघडलं, प्रोसेस कॉस्टिंग.
सामान्य तोटा: पुरेशी काळजी घेऊनही जो होतोच.
त्याचा भार चांगल्या नगांवर बसतो.
असामान्य तोटा: जो टाळता आला असता.
त्याचं खातं वेगळं.
व्याख्या वाचून हसणारी
त्या बसमध्ये मी एकटीच असेन.
खाली गोदेत पाणी होतं की नुसता अंधार,
बघायचं राहून गेलं.

आता बिघडलेले कागद मी घेते.
एकाचे चार तुकडे, कोऱ्या बाजूला एकच काम.
"अभ्यास" असं लिहीत नाही.
लिहिते: गणित सातवं, फक्त ताळा.
लिहिते: भामरे मॅडमना सही मागणे, घाबरू नये.
झालं की चिठ्ठी बिलांच्या सुळ्यावर.
मागच्या बाजूला कुणाचा अर्धा बेडूक,
कुणाच्या प्रोजेक्टमधलं
"आईवडिलांचे मनःपूर्वक आभ"
आणि पुढे काळा पट्टा.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन खाती.
मंगळवार, चाळीस मिनिटं रील्स: असामान्य.
बुधवार, आईची शुगर, दवाखान्यात रांग: सामान्य.
गुरुवारी नुसतीच बसले होते,
पायरीवर, चहा गार होईपर्यंत,
काहीही न करता.
ते कुठे टाकावं कळेना.
पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

सगळं जमतं असं नाही.
ऑडिटिंगला मी अजून हातही लावलेला नाही,
आणि मागच्या रविवारी सुळ्यावर
एकच चिठ्ठी होती, तीही सोपी.
सहावं टाइमटेबल मात्र केलं नाही.

काल साडेआठला रांग संपता संपेना.
शेवटी एक मुलगा उरला, घामेजलेला,
पानांचे नंबर उलटसुलट,
मी लावून दिले, एक ते बावीस.
मग माझी वही काढून काचेवर ठेवली.
पहिलंच पान अडकलं.
झाकण उघडलं, ओढून काढलं, सुरकुत्या सरळ केल्या,
काका मोजत होते, बघितलं नाही त्यांनी.
मुलगा म्हणाला,
ताई, उद्याचीच शेवटची तारीख ना?

हो, म्हटलं.
उद्याचीच. आपली.