इतर अधिकार

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही.
साधा कागद चालतो, हातचं अक्षर चालतं.
एकतीस वर्षं तलाठी म्हणून हेच सांगत आले लोकांना.
लोक म्हणायचे, बघू, आंब्याचा सीझन जाऊ दे.
मग सीझन जायचा, माणूस जायचा,
आणि तेराव्यानंतर माझ्या टेबलावर यायचा
सतरा नावांचा वारस तपास.

सतरा नावांत साडेतीन गुंठे.
एका फणसात दोन आण्यांचा हिस्सा.
विहिरीचं पाणी पाळीनं,
रहाटाचा खर्च कुणाच्याच पाळीला नाही.
संगणक आला तेव्हा तोरस्करांचे तारस्कर झाले,
ते दुरुस्त होईतो म्हातारा वारला,
पुन्हा वारस तपास.

आज माझा कागद.
मिठबावातलं घर, चिऱ्याचं, पडवीवर पत्रा.
कलमं अकरा. दोन खोडकिडीनं पोखरलीत,
तरी अकराच लिहिते.
पोस्टातली बचत, सोसायटीचे शेअर,
आणि ह्यांच्या होडीचं इंजिन.
होडी विकली, इंजिन राहिलं, गोणपाटाखाली.
किंमत शून्य. उचलायला चार माणसं.
ह्याचं काय लिहायचं ते नंतर बघू.

हक्कसोडपत्रं किती नोंदवली, मोजली नाहीत.
बहिणी यायच्या सकाळच्या एसटीनं,
अबोलीचा वळेसर माळून, लग्नाला निघाल्यासारख्या.
'राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय'
मी मोठ्यानं वाचायचे.
त्या अंगठ्याला शाई लावताना भावाकडे बघायच्या
आणि उरलेली शाई केसांना पुसायच्या.
सत्त्याण्णव साली मीही सही केली,
माझ्याच पेनानं.
भावानं साडी दिली, पाच डझनांची पेटी दिली,
दर वर्षी येत जा गो, म्हणाला.
पेटी दोन वर्षं आली.

रसिका फोनवर म्हणते,
'माका काय एक नको गे आये,
दादाशी वाकडा कित्याक?'
हे वाक्य मला पाठ आहे. ते तिचं नाही.
माहेरच्या ओटीत तांदूळ-नारळासोबत
कुणीतरी ते घालून ठेवतं.
निम्मं निम्मं, मी लिहिलं.
तिला विचारलेलं नाही, लिहिलंय.
अवधूत बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, विहीर कोणाकडे?
म्हटलं, पंपाचं बिल कोण भरतं ते आधी बघू.

डॉक्टर जुवाटकर आले,
मन ठिकाणावर असल्याचा दाखला द्यायला.
'आज वार कोणता, बाई?'
वार कशाला, तिथी सांगते. अष्टमी.
आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती,
भांगाचं पाणी, जोर नाही त्याला.
त्यांनी घड्याळ पाहिलं,
खिडकीतून खाडी पाहिली,
आणि सही केली.
दुसरी साक्ष बाबल्या पोस्टमनची.
'वयनी, ह्येच्यात माझा काय आसा?'
काही नाही रे, म्हणून तर तुला बोलावला.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर अधिकार.
बोजा, कूळ, वहिवाट तिथे चढते.
माझ्या कागदावर मी तो हातानं आखला.
खालच्या वाडीतल्या बायका ओहोटीला
माझ्या मागल्या दारावरून खडपात जातात,
कालवं काढायला, कोयती आणि डबा घेऊन.
ती वाट कुठल्याच नकाशात नाही.
सासूच्या सासूनं त्यांना अडवलं नव्हतं,
एवढाच पुरावा.
ती मोकळी राहावी.
घर विकलं तरी राहावी.
कुत्रा पाळा, हरकत नाही. गेटला कुलूप नको.

सह्यांच्या वर दोन बोटं जागा उरलीय.
कोरी जागा सोडू नये, आडवी रेघ मारावी,
हे गावाला मीच शिकवलं.
पडवीत जाऊन गोणपाट उचलून पाहिलं.
डिझेलचा वास अजून येतो.
रेघ मारलेली नाही.